कावीळ उतरली, मग ताप का उतरेना?

खाडीकाठ (ऐरोली)

मंडळी, एरवी मी वाचनमात्र. पण गेले महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही, आणि आमच्याच वसाहतीत अजून बरेच जण 'कावीळ काय, येते आणि जाते' म्हणून निवांत आहेत, म्हणून लिहायला बसले. थोडं रामायण होईल, चालवून घ्या.

आजारी माझे धाकटे दीर. वय ३४, रबाळे एमआयडीसीत गोदामावर सुपरवायझर. दारू नाही, तंबाखू नाही, फक्त दिवसाला आठ कटिंग. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं जेवण सुटलं. रविवारी तळलेल्या सुरमईचा वास आला म्हणून हा माणूस ताटावरून उठला, तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, "डोळे बघ गं ह्याचे." डोळे हळदीसारखे, लघवी कोऱ्या चहासारखी. रिपोर्ट आला: बिलिरुबिन (रक्तातला कावीळीचा पिवळा रंग) ६.८, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी बिघडल्या की रक्तात वाढतं ते) १८४०, हिपॅटायटीस ई पॉझिटिव्ह. ए, बी, सी निगेटिव्ह. सोनोग्राफीत लिव्हर थोडं सुजलेलं, बाकी काही नाही.

आम्ही सुटकेचा श्वास टाकला. ई म्हणजे पाण्यातून येणारा, विश्रांती घेतली की आपोआप जाणारा. आमच्या तीन इमारतींत मिळून अकरा जणांना कावीळ होती, त्यामुळे नवल असं काही नव्हतंच.

नवव्या दिवशी बिलिरुबिन ३.१ वर आलं, एसजीपीटी चारशेवर. घरात जवळजवळ सण. त्याच संध्याकाळी हुडहुडी भरून १०२ ताप. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. घाम असा की चादर पिळून घ्यावी. परत डॉक्टर. "व्हायरलच आहे, रेंगाळतंय." फाईलवर पहिल्याच पानावर लाल शाईने 'हिपॅटायटीस ई' लिहिलेलं होतं. पुढे ज्याने ज्याने फाईल उघडली त्याने ते वाचलं आणि मान डोलावून फाईल मिटली. यात एक क्लिनिक आणि एक बऱ्यापैकी मोठं हॉस्पिटल आलं. नावं घेत नाही.

आम्हीही शहाणे नव्हतो. भाऊजी उजव्या कुशीवर झोपेनात, शिंक आली की बरगडीखाली हात दाबून धरत. उजवा खांदा दुखतोय म्हणाले तर मी स्वतः बाम चोळून दिला. मला वाटलं, पडून पडून आखडला असेल.

सोळाव्या दिवशी वाशीला दुसरीकडे दाखल केलं. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने फाईल बाजूला ठेवली आणि आधी पेशंटला हात लावला. उजव्या बाजूला खालच्या दोन बरगड्यांच्या मधे एका बोटाने दाबलं. भाऊजी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर कॅन्टीनवाल्या पोराने कप सोडला. अर्ध्या तासात सोनोग्राफी: लिव्हरच्या उजव्या भागात ८ बाय ७ सेंटिमीटरचा गळू. अमीबाचा. नळी घालून पहिल्याच दिवशी दोनशे मिलीच्या आसपास निघालं. मी ती पिशवी पाहिली. पू पिवळा असतो असं वाटायचं, हा चॉकलेट वितळवल्यासारखा होता आणि त्याला वासही नव्हता.

आता आमचे प्रश्न. विषाणू आणि अमीबा एकाच वेळी कसे आले? एकामुळे दुसरा आला का? आणि पहिल्या सोनोग्राफीत तो कसा दिसला नाही?

---

तळ्यातली (ठाणे)

बापरे. वाचताना पोटात गोळा आला. भाऊजी आता कसे आहेत ते आधी सांगा, मग बाकीचं.

---

खाडीकाठ

नळी अजून आहे. ताप तिसऱ्या दिवशी गेला. आज स्वतःहून भात मागितला.

---

बापू घोडबंदर

ताई, काळजी नसावी. कावीळ हा डॉक्टरचा आजारच नव्हे. आमच्या गावी माळ घालतात, माळ डोक्यावरून पायापर्यंत वाढत जाते आणि कावीळ खाली उतरते. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळंधमक होतं, डोळ्यांनी पाहिलंय. वरून उसाचा रस भरपूर. हळद बंद.

---

चुना_लावू_नका

बापू, वयाचा मान ठेवून: माळ वाढते हे खरं, पण कुणाच्याही गळ्यात वाढते. ओल्या काड्यांचे बारके तुकडे सैल गाठीत गुंफलेले असतात. काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सरकतात आणि माळ लांबते. घरी करून खिळ्याला टांगा, खिळ्याची कावीळ उतरेल. आणि पिवळं पाणी आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसाचं. तो आधीच हाताला लावलेला असतो, चुना लागला की रंग येतो.

ए आणि ई बहुतेकांचे आपोआप बरे होतात, माळ त्याचं श्रेय खाते. पण इथे कावीळ उतरत होती आणि गळू वाढत होता. असा पेशंट माळेवर विसंबला असता तर?

आणि रस प्यायचा तर घरी काढून. ऑगस्टमध्ये गाडीवरचा बर्फ घातलेला रस म्हणजे कावीळवाल्याला दुसऱ्या कावीळीचं आमंत्रण.

---

खाडीकाठ

कबूल करते. सासूबाईंनी भाऊजींना माळ घातली होती. ती नाभीपर्यंत आली त्या दिवशी ताप १०३ होता.

---

पित्तप्रकृती

मी ठाण्यात फिजिशियन आहे. इथे कुणाचा इलाज करत नाही, फक्त प्रश्नांची उत्तरं.

एक: दोघांचा रस्ता एकच, माणसाच्या विष्ठेने दूषित झालेलं पाणी किंवा अन्न. म्हणून ते एकत्र भेटतात. पण एकाच ग्लासातून आले असतील असं नाही. ई विषाणू शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ-नऊ आठवडे जातात. अमीबा आतड्यात महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो आणि मग एक दिवस आतड्याची भिंत पोखरून पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याचं रक्त लिव्हरकडे नेणाऱ्या शिरेतून, लिव्हरला पोचतो. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचं रक्त बहुतेक लिव्हरच्या उजव्या भागात जातं, गळूही बहुतेक तिथेच होतो. तुमच्या दिरांना जुलाब झाले नव्हते ना? अनेकांना होत नाहीत. शौचाच्या तपासणीतही अमीबा बऱ्याचदा सापडत नाही.

दोन: एकामुळे दुसरा आला असं नाही. दोघांना एकमेकांची गरज लागत नाही. शिवाय काम करायची पद्धतही वेगळी. विषाणू लिव्हरभर पेशींच्या आत शिरतो, आणि त्या पेशी मारण्याचं बरंचसं काम आपलीच प्रतिकारशक्ती करते. सगळीकडे थोडं थोडं जळतं, म्हणून एसजीपीटी हजारांत. अमीबा एकाच जागी बसून पेशी विरघळवतो, तिथे पोकळी होते. त्यात एसजीपीटी फारसं वाढत नाही, कावीळही बहुधा नसते. तुमच्या घरी पहिल्याच्या मोठ्या आकड्यांआड दुसरा लपला. आकडे उतरू लागले तसे सगळे खूश झाले, कारण ते आकडे विषाणूचे होते. अमीबाचा आकडा कुणी पाहतच नव्हतं.

तीन: पहिल्या सोनोग्राफीला गळू नसेलच, किंवा सुरुवातीचा असेल. तेव्हा तो आजूबाजूच्या लिव्हरसारखाच दिसतो.

आता खूण सांगतो, कारण ती घरबसल्या कळते. विषाणूच्या कावीळीत ताप आधी असतो, डोळे पिवळे झाले की तो सहसा निघून जातो. कावीळ दिसल्यावरही हुडहुडी भरून ताप येत असेल तर 'व्हायरल रेंगाळतंय' हे उत्तर घेऊ नका. गळू, मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), पित्तनलिकेतला संसर्ग यांपैकी काहीतरी शोधा. खांद्याचं दुखणंही तसंच. लिव्हरच्या वरचा श्वासपटल दुखावला की त्याची नस मानेतून येत असल्याने दुखतं खांद्यात. बाम लावणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, मीही एका पेशंटला हाडाच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. २२ वर्षं झाली, विसरलो नाही.

---

कट्टेकरी

अमीबाचा गळू दारुड्यांनाच होतो असं ऐकलं होतं. आमच्या पालघरकडे ताडीवाल्यांना झालेला पाहिलाय.

---

पित्तप्रकृती

ताडी आणि दारूचा संबंध आहे, आपल्या देशात तर फारच. पुरुषांत हा गळू बायकांच्या जवळपास दसपट दिसतो. पण न पिणाऱ्यालाही होतो, आणि 'पीत नाही ना, मग गळू नसणार' ही आणखी एक चुकीची पळवाट आहे.

---

घणसोलीचा गण्या

आमच्या साइटवर गेल्या पावसाळ्यात एका पोराला हिपॅटायटीस ए निघाला. त्याचंही असंच, कावीळीबरोबर थंडी वाजून ताप. ठेकेदार म्हणाला ए आहे, गावी पाठवून दे. नशीब रक्ताची काच पुन्हा तपासली, फाल्सिपॅरम मलेरिया निघाला. प्लेटलेट चाळीस हजार. मलेरिया पण लिव्हरचाच का?

---

पित्तप्रकृती

गण्या, शाबास त्या काच तपासणाऱ्याची. डासाने सोडलेला परजीवी आधी लिव्हरमध्येच उतरतो, आठवडाभर तिथे वाढतो आणि मग रक्तात येतो. पण त्या मुक्कामात लिव्हरला काही जाणवत नाही. कावीळ येते ती पुढे. फाल्सिपॅरममध्ये लाल पेशी फुटतात आणि लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, म्हणून बिलिरुबिन चढतं. एसजीपीटी वाढलं तरी सहसा काही शेकड्यांत. व्हायवॅक्स या दुसऱ्या मलेरियाचे काही परजीवी लिव्हरमध्ये महिनोन्‌महिने झोपून राहतात, त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस, आणि त्याआधी जी६पीडीची (लाल पेशींतल्या एका एन्झाइमची) तपासणी. पाच दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे दिवाळीत परत येतात.

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत कावीळ आणि ताप एकत्र असेल तर मलेरियाची तपासणी मागून घ्या. हिपॅटायटीसचा रिपोर्ट आधीच हातात असला तरी. आणखी एक, ई किंवा ए चं आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण म्हणून रक्तात तपासतात ते प्रतिपिंड) आजार सरल्यावरही काही महिने पॉझिटिव्ह राहू शकतं. म्हणजे रिपोर्ट दोन महिन्यांपूर्वीच्या आजाराचा आणि आजचा ताप भलत्याचाच, असंही होतं.

---

नाइलकाठ

मी ठाण्याचा, पण तेलाच्या कामानिमित्त चार वर्षं इजिप्तमध्ये होतो. विषाणू आणि परजीवी एका लिव्हरमध्ये म्हटलं की मला तोच देश आठवतो. नाइलच्या कालव्यांत गोगलगायींत वाढणारा शिस्टोसोमा नावाचा कृमी. पाण्यात पाय घातला की त्वचेतून आत. त्यावर सरकारने १९५० च्या दशकापासून गावोगाव शिरेतून इंजेक्शनं दिली, औषध अँटिमनीचं. एकाला एक-दोन नव्हे, डझनभर डोस. काचेच्या सिरिंजा, नीट न उकळता पुन्हा पुन्हा वापरलेल्या. १९८० च्या दशकात तोंडाने घ्यायची प्राझिक्वांटेल ही गोळी आली तेव्हा हे थांबलं. तोवर कृमी मारता मारता लाखो लोकांच्या रक्तात हिपॅटायटीस सी गेलेला होता. आणि सी विषाणूचा शोधच मुळी १९८९ चा! माझ्या ऑफिसातल्या ड्रायव्हरचे वडील आणि दोन्ही काका लिव्हरने गेले. तो म्हणायचा, "आमच्या गावात इंजेक्शनचा दिवस म्हणजे मुलांना मिठाई मिळायची."

दोन्ही असलेल्यांचं लिव्हर लवकर का खराब होतं, हे पित्तप्रकृती सांगतील.

---

पित्तप्रकृती

शिस्टोसोमाची अंडी लिव्हरमधल्या पोर्टल व्हेनच्या फांद्यांत अडकतात आणि त्यांच्याभोवती चिलमीच्या नळीसारखं जाड तंतुमय आवरण होतं. रक्ताला वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते, रक्ताच्या उलट्या होतात. पण नुसत्या कृमीत लिव्हरच्या पेशी बऱ्यापैकी काम करत राहतात. सी विषाणू नेमका उलटा, पेशीच खातो. एकाने नाले बुजवायचे आणि दुसऱ्याने शेत जाळायचं. शिवाय जुना कृमी प्रतिकारशक्तीला स्वतःच्या सोयीच्या दिशेला वळवून ठेवतो, त्यामुळे विषाणूशी लढणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. दोन्ही असलेल्यांत तंतू लवकर वाढतात, सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर कडक आणि निकामी होणं, लवकर येतो.

आणि इजिप्तची पुढची गोष्टही सांगा की, नाहीतर लोक घाबरून झोपतील.

---

नाइलकाठ

हो, ती राहिलीच. २०१८-१९ मध्ये त्यांनी सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली. मशिदीबाहेर, स्टेशनावर, कॉलेजात, बोट टोचून. ज्यांना निघाला त्यांना गोळ्या फुकट. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सी संपवण्याच्या वाटेवरचा 'सुवर्ण' दर्जा पहिल्यांदा दिला तो इजिप्तलाच.

---

गुहागरी

अवांतर, पण राहवत नाही. हा शिस्टोसोमा आपल्या रत्नागिरीतसुद्धा सापडला होता. गुहागर तालुक्यातलं गिमवी. १९५० च्या दशकात तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जायचं, तपासणीत अंडी मिळाली. जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत आमचं गिमवी आहे, पण गुहागरच्या एसटीत विचारलंत तर कंडक्टरलाही ठाऊक नसेल.

---

पित्तप्रकृती

गुहागरी, मस्त. तो मूत्राशयात राहणारा प्रकार, लिव्हरवाला नव्हे. इजिप्तचा पेच आपल्याकडे नाही. आपल्याकडचा पेच पाण्याचा, म्हणजे ए, ई, अमीबा.

---

नाव_नको

मला हिपॅटायटीस बी आहे, रक्तदानाच्या वेळी कळलं. घरी फक्त बायकोला माहीत आहे. हे सगळं वाचून घाबरलोय. मला जंत, अमीबा, काही झालं तर लिव्हर जाईल का?

---

पित्तप्रकृती

जाणार नाही, पण ज्याच्या लिव्हरवर आधीच जुना भाडेकरू आहे त्याने नवे येऊ देऊ नयेत. ए ची लस घ्या, बी वर ए झाला तर जड जातं. बायकोची तपासणी आणि बी ची लस आधी. डी विषाणूची तपासणी करून घ्या. हा पोटभाडेकरू आहे, बी चा अंगरखा घातल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही. बी नसेल तर डी नाही, पण दोघे असले की लिव्हर झपाट्याने बिघडतं. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं फुकट आहेत, सरकारी हॉस्पिटलात विचारा.

आणि कृपा करून कुणाच्या पुड्या खाऊ नका. काही पुड्यांत स्टिरॉइड घातलेलं असतं. दोन दिवस भूक लागते, बरं वाटतं. बी त्याने उसळतो आणि पोटात अमीबा असला तर तो मोकाट सुटतो.

---

नळजोडणी

मी पाणीपुरवठ्यातला, निवृत्त. खाडीकाठताई, अकरा जण तीन इमारतींत म्हणजे गोष्ट तुमच्या गेटच्या आत आहे. मोरबे धरणाचं पाणी शुद्ध होऊन येतं. तुमच्या जमिनीखालच्या टाकीपाशी ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते पाहा. पाणी बंद असतं तेव्हा पाइपात पोकळी होते. त्यात कुणी थेट लाइनला मोटर लावली की सांध्यातून बाहेरचं सगळं आत ओढलं जातं.

आता क्लोरीन. ग्राहकाच्या नळाला ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) शिल्लक दिसलं की आम्ही खूश. ते जंतूंना, म्हणजे कॉलरा-टायफॉइडला, पुरतं. पण अमीबाचं कवच म्हणजे सिस्ट त्याला भीक घालत नाही. आणि सांडपाणी मिसळून पाणी गढूळ झालं की विषाणूही निसटतो. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत हेच झालं. यमुनेच्या पाण्यात नाल्याचं पाणी मिसळलं, क्लोरीन वाढवलं, टायफॉइड पसरला नाही, पण कावीळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. तेव्हा सगळे त्याला ए समजले. जपून ठेवलेलं रक्त १९८० च्या सुमारास तपासलं तर ए नव्हताच. तोच पुढचा ई.

उकळी फुटलेलं पाणी दोघांनाही मारतं. बाकी यंत्रांच्या जाहिराती तुम्ही वाचालच.

---

सेक्रेटरी_साहेब

सोसायट्यांना दोष देणं सोपं असतं. टाकी वर्षातून दोनदा धुतली जाते, पावत्या आहेत.

---

नळजोडणी

टाकी धुतली हो, तडा बुजवला का?

---

तळ्यातली

हलके घ्या सेक्रेटरीसाहेब. ताई, तुमच्या इमारतीत कुणी गरोदर आहे का? ई त्यात फार वाईट असतो असं वाचलंय.

---

पित्तप्रकृती

तळ्यातली, हा प्रश्न पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता, माझं चुकलं. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. असं कुणी असेल तर आज, आत्ता, उकळलेलं पाणी. आणि नुसतं मळमळलं तरी लिव्हरची तपासणी.

---

खाडीकाठ

आहे. चौथ्या मजल्यावर, सातवा महिना. तिचा नवरा म्हणत होता फिल्टर आहे. हा धागा त्याला वाचायला दिला. रात्रीच्या गाडीने तिला बदलापूरला माहेरी पोचवलं. रिपोर्ट चांगला आहे.

---

खाडीकाठ

दहा दिवसांनी धागा वर काढतेय, कारण खासगी निरोपात बरेच जण विचारतायत.

भाऊजी घरी आहेत. नळी सहाव्या दिवशी काढली. अमीबावरचं औषध मेट्रोनिडाझोल संपलं. त्याने तोंडाला जी धातूची चव येते तिच्यावर भाऊजी स्वतंत्र धागा काढू शकतील. ते संपल्यावर आणखी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्यात, आतड्यात उरलेल्या अमीबासाठी. डिस्चार्जच्या कागदावर त्या अगदी तळाला होत्या आणि आमच्या केमिस्टने "ह्या राहू द्या, बरे झालेत ना" म्हणून काढूनही ठेवल्या होत्या. मी हट्टाने घेतल्या. सोनोग्राफीत पोकळी अजून ३ सेंटिमीटर दिसते, ती भरायला महिने जातात म्हणे. ताप नाही, वजन वाढतंय, एवढं पुरे.

टाकी उघडली. पूर्वेच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढा तडा, आणि पलीकडे दीड फुटावर ड्रेनेजचं चेंबर. फोटो ग्रुपवर टाकल्यावर एरवी 'शुभ सकाळ' टाकणारे सगळे गप्प झाले.

आता घरातली लढाई. डॉक्टर म्हणाले, काही त्रास नसतानाही एखाद्याच्या पोटात अमीबा असू शकतो, स्वयंपाक करणाऱ्यांची शौचाची तपासणी करून घ्या. मी दिली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "चाळीस वर्षं ह्या हातचं खाल्लंत," एवढंच वाक्य. भाऊजींची माळ देवघराच्या खिळ्याला होती, ती मात्र कुठे दिसेना.

आज सकाळी लॅबचा मुलगा आला तेव्हा मी ओट्यापाशी होते. सासूबाईंनी डबी स्वतःच्या हाताने, पदराखाली झाकून त्याला दिली आणि विचारलं, "माझं नाव नीट लिहिलंयस ना रे? सुनेच्यात घालू नकोस."

रिपोर्ट उद्या.